दहा तासांचा कांदा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी नावं ठेवायला नको. त्या बुधवारी सकाळी सात वाजता मी ओट्यापाशी उभी राहून दोन किलो कांदा चिरत होते आणि मनातल्या मनात माझ्या लेकीचा उद्धार करत होते.

लेक म्हणजे तृप्ती. नाशिकला असते, नोकरी करते, आणि नोकरीतून वेळ मिळाला की आम्हाला शहाणं करायला पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या गावी येते. रविवारी आली ती एक जडशीळ भांडं घेऊन. बाहेरून स्टील, आत चिनी मातीचं काळं पातेलं, वर काचेचं झाकण, आणि चालणार विजेवर. त्याला स्लो कुकर म्हणतात.

"यात कांद्याचं सूप करायचं," ती म्हणाली. "कांदा अगदी मंद आचेवर दहा तास ठेवायचा."

"दहा तास? अगं, दहा तासांत मी लग्नाचा स्वयंपाक करून, भांडी घासून, वर दुपारची झोप काढीन."

"आई, तू फक्त कर. सूप बिघडलं तरी चालेल. घरात दिवसभर वास भरून राहिला पाहिजे."

तेव्हा मात्र मी ते भांडं आत नेऊन ठेवलं. वासाचा विषय आमच्या घरात चार महिने कोणी मोठ्याने काढत नव्हतं.

माझ्या नवऱ्याचं नाव वाल्मीक. गावात त्यांना नाना म्हणतात. शेती आमची बेताची, पण नानांना चार गावांतून बोलावणं यायचं ते त्यांच्या वासाच्या जाणकारीसाठी. उन्हाळ कांदा काढला की आमच्याकडे तो चाळीत भरतात. चाळ म्हणजे लाकडी पट्ट्यांचा लांबलचक पिंजरा, आत खण पाडलेले, चारी बाजूंनी वारा खेळता. त्यात कांदा पार दिवाळीपर्यंत राहतो. भीती एकच, सडण्याची. पावसाळ्यातली दमट हवा लागली की ढिगात खोल कुठेतरी एक कांदा सडतो, त्याचं पाणी शेजारच्याला लागतं, आणि बाहेरून काही दिसायच्या आत अख्खा खण हातचा जातो. डोळ्याला दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. वास आधी येतो, पण तो फार थोड्यांना.

नानांना यायचा. चपला काढून, हात पाठीमागे बांधून ते चाळीच्या कडेने चालायचे. मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "इथं बघा. कमरेएवढ्या उंचीला, हातभर आत." लोक उकरायचे आणि तिथे तो कांदा निघायचा. बदल्यात नाना एक कप चहा घ्यायचे, बस. पस्तीस वर्षं मी हे बघत आले. तोंडावर कधी कौतुक केलं नाही, पण माहेरी गेले की हीच गोष्ट पहिली सांगायचे.

शिमग्यात त्यांना ताप आला. आठ दिवसांत उतरलाही. त्यानंतर एका सकाळी मी दूध गॅसवर ठेवून अंगणात गेले आणि विसरले. परत आले तर दूध जळून कोळसा झालेलं, घरात धूर, आणि हे त्याच खोलीत पेपर वाचत बसलेले. मी इतकी ओरडले की शेजारची कुसाबाई धावत आली. ती गेल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "आशा, मला काहीच वास आला नाय गं." तो आवाज मला अजून आठवतो. दुधाचं भांडं घासताना मला माझीच लाज वाटत होती.

डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं होतं. येईल परत, कधी ते सांगता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार उग्र वास हुंगायचे, नाकाला सवय लावायची. आणि एक सांगून ठेवतो, परत येताना वास कधी कधी चुकीचा येतो. काहींना चांगल्या अन्नालाही कुजल्याचा वास येतो. तसं झालं तर घाबरू नका, पण बरं झालं असंही लगेच समजू नका.

मग मी चार छोट्या बाटल्या केल्या. एकीत लवंगा, एकीत कापूर, एकीत लिंबाची साल, एकीत गुलाबपाणी. खिडकीत ओळीने ठेवल्या. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर हे डोळे मिटून बसायचे, मी एकेक बाटली नाकाशी धरायचे आणि विचारायचे, "काय आहे?"

"काय नाय," ते म्हणायचे.

चार महिने. चार बाटल्या, दिवसातून दोनदा. "काय आहे?" "काय नाय." शाळेतल्या शहाण्या मुलासारखे ते बसायचे, एक दिवस चुकवला नाही. मी बाटलीचं झाकण लावताना तोंड दुसरीकडे वळवायचे.

हे आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तीच आमची चूक झाली. ज्येष्ठात धनराज त्यांना बोलवायला आला. धनराज म्हणजे पिंपळगावचा तरुण व्यापारी, नानांवर त्याचा देवासारखा विश्वास. हे नको म्हणू शकले नाहीत. गेले, चपला काढल्या, हात पाठीमागे बांधले, चाळ चालून आले आणि म्हणाले, "बरी हाय." बारा दिवसांनी त्या चाळीचा एक अख्खा खण सडलेला निघाला. धनराज बिचारा काही बोलला नाही. "हवाच खराब हाय, नाना," एवढंच म्हणाला. बोलला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून यांचं जेवण निम्म्यावर आलं. तसंही चव लागत नव्हती, आता इच्छाही गेली.

नंतर धनराजचा फोन आला की मीच उचलायचे. कधी यांची पाठ दुखायची, कधी हे माझ्या भावाकडे गेलेले असायचे. मला तर भाऊच नाही. आणि आता धनराज गुरुवारी सकाळी स्वतः येणार होता. मंगळवारी जेवताना हे म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ दे. परवा धनराज आला की त्याला खरं सांगून टाकतो. म्हणतो, माझ्याच्यानं आता होणार नाय, दुसरा माणूस बघ. कोणाच्याच चाळीवर मी परत जाणार नाय."

"एवढ्यात सोडू नका, वर्षभर तरी वाट बघा," मी म्हटलं.

"तोवर किती खण सडवू?"

म्हणून बुधवारी सकाळी मी तृप्तीचं ते भांडं काढलं. एरवी मी ते लोणच्याच्या बरण्यांमागे ढकलून दिलं असतं.

तृप्तीने बजावलं होतं, कांदे चांगले घे. ही गोष्ट माझ्या हाताला सवयीची नव्हती. कांद्याच्या घरात चांगला कांदा कोणी खात नाही. चांगला बाजारात जातो. घरात येतो तो जोडकांदा, कोंब फुटलेला, नाहीतर गोल्टी, म्हणजे लिंबाएवढा बारका माल. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच चिरत आले. त्या दिवशी मात्र चाळीत जाऊन दारापाशीच्या खणातून एकसारखे, लालबुंद, देखणे कांदे पाटीभर आणले. आणताना इकडेतिकडे बघितलं, जसं काही मी चोरीच करते आहे. दोन किलो चिरले, उरलेले ओट्याखाली टोपलीत टाकले.

चिरलेला कांदा, वाटीभर लोणी आणि मीठ. बटण सर्वांत खालच्या खुणेवर. मग काही होईचना. आठ वाजले, कांदा आहे तसाच. नऊ वाजले, थोडं पाणी सुटलं. मी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायचे. तृप्तीने फोन करून दम दिला, "आई, झाकण उघडू नकोस, वाफ जाते." तिला तिकडे बसून कसं कळलं, देव जाणे.

अकराच्या सुमारास वास सुटला. फोडणीतल्या कांद्याचा असतो तसा तिखट, घाईचा नाही. गोडसर आणि भरदार, स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून ओसरीवर. हे भांड्याशेजारीच खुर्ची घेऊन बसले होते. मी कामं करता करता त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते भांड्याकडे बघत होते.

तेवढ्यात कुसाबाई दारात आली. "काय करू राहिली गं आशा? आख्खी गल्ली येडी झाली वासानं! आमची सून विचारू राहिली, कोणाकडं पाहुणे आले?"

"कांद्याचं सूप," मी म्हटलं.

"नाना, तुमची मज्जा हाय! एवढ्या वासानंच पोट भरलं असंल तुमचं."

हे हसले. हसले म्हणजे ओठ ताणले. मग उठले, टोपी घातली आणि "जरा मळ्यात जाऊन येतो" म्हणून निघून गेले. कुसाबाईचा काय दोष, तिला काय माहीत! पण मला त्या घटकेला तिचा, तृप्तीचा, कुकरचा आणि डॉक्टरांचा, सगळ्यांचा एकदमच राग आला. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा तो वास कळत होता.

दुपारी तासभर लाईट गेली. भांडं गरमच होतं, तरी मी त्यावर जाड टॉवेल गुंडाळून ठेवला. तीन वाजता कांदा गुळाच्या रंगाचा झाला. चमचाभर चाखून बघितला तर नुसता गोड. मला गोड कालवण चालत नाही. मी तृप्तीला फोन लावला.

"थोडा मसाला टाकू का गं?"

"अजिबात नाही. मसाला नाही, हळद नाही, काही नाही. तुला मी ओळखते. शपथ घे."

"बरं बाई, नाही टाकत," मी म्हटलं आणि फोन ठेवल्याबरोबर मसाल्याचा डबा उघडला. लवंगा संपलेल्या. खिडकीतली बाटली दिसली. चार महिने हुंगून या लवंगा काही कामाला आल्या नाहीत, निदान सुपाला तरी येऊ देत, असं म्हणून त्यातल्या दोन काढल्या आणि कांद्यात खोल दाबून टाकल्या. कोणाला दिसायला नकोत म्हणून वरून पुन्हा कांदा सारखा केला.

चारला मटणाच्या हाडांचं शिजवून ठेवलेलं आळणी पाणी त्यात ओतलं. आषाढ होता, श्रावण लागायला आठवडा होता, म्हणून जमलं. पाच वाजता मी तव्यावर पाव भाजत होते, चीज किसून ठेवलं होतं. पाव सुपावर ठेवायचा, त्यावर चीज, असं तृप्तीने सांगितलेलं. तेवढ्यात हे मळ्यातून आले. पाय धुतले, आत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबले.

"आशा," ते म्हणाले, "इथं सडका कांदा हाय."

झालं! सकाळपासून साठलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"सडका? दहा तास झाले मी या भांड्याची राखण करत बसले आहे! एकेक कांदा दाबून, कापून, आतून बघून घेतलाय. उभ्या जन्मात पहिल्यांदा निवडक कांदा घरात आणला, आणि तुम्ही येऊन सडका म्हणता? तुमच्या नाकाला काय कळतं हो!"

चार महिने हे वाक्य मी दातांखाली दाबून धरलं होतं. कितीही राग आला तरी हे बोलायचं नाही, असं मी देवापुढे ठरवलं होतं. आणि ते सुटलं. तव्यावरचा पाव करपायला लागला, तरी माझा हात हलेना.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, ते काय म्हणाले होते त्याचा.

"काय म्हणालात तुम्ही?"

"मला वास येऊ राहिला," ते म्हणाले. इतक्या हळू, जसं मोठ्याने बोललं तर वास निघून जाईल. "सडक्याचा."

मला आनंद व्हायला हवा होता. बसला तो धसका. डॉक्टरांचं बोलणं आठवलं, चांगल्या अन्नालाही कुजल्याचा वास. तसं असेल तर आता यांना भाकरीलाही तोच वास येणार, चहालाही तोच, आणि उरलंसुरलं जेवणही सुटणार. मी गॅस बंद केला. भांड्याचं झाकण काढलं. हात पदराला पुसले.

"इथे हुंगा," मी म्हटलं. "खरं सांगा."

ते वाकले. वाफ त्यांच्या तोंडावर गेली. डोळे मिटून राहिले. मला वाटलं, आता माझा जीव जातो.

"इथं नाय," ते म्हणाले. "इथं काहीतरी गोड हाय. लांबून येतंय, पण गोड हाय. सडका इथला नाय."

मग त्यांनी हात पाठीमागे बांधले. ओट्याच्या कडेने दोन पावलं चालले, थांबले, परत एक पाऊल मागे आले. गुडघ्यावर बसून ओट्याखालची टोपली ओढली. एकेक कांदा उचलून बाजूला ठेवत गेले. सातवा उचलला, तो मात्र खाली ठेवला नाही.

"हा."

कांदा देखणा होता. साल चकचकीत, मान वाळलेली, कुठे डाग नाही. बाजारात तोच पहिला उचलला असता कोणीही. मी विळीवर मधोमध कापला. वरचे तीन पापुद्रे पांढरेशुभ्र आणि कडक. आत चौथा तपकिरी, बुळबुळीत. आता कुठे मलाही वास आला.

मी खालीच बसले. रडू आवरेना. सडक्या कांद्याला कवटाळून रडणारी पिंपळगाव भागातली मी पहिलीच बाई असेन. हे माझ्याजवळ बसले आणि माझ्या हातातल्या त्या घाणेरड्या अर्ध्या कांद्याचा पुन्हा पुन्हा वास घेत राहिले.

"चार म्हैने लवंग, कापूर," ते म्हणाले, "आणि आधी कळला तो हा."

"बाकीच्यांची तुम्हाला कुठे ओळख होती," मी नाक ओढत म्हटलं. खूप दिवसांनी ते खरं हसले.

मग एकदम उठले. "हा कुठनं घेतला?"

"दारापाशीच्या खणातून."

ते चाळीकडे निघाले, मी मागोमाग. अजून उजेड होता. दारापाशी त्यांनी चपला काढल्या. खणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, पट्ट्यांना नाक लावून उभे राहिले. पूर्वी पटकन थांबायचे, आता वेळ लागत होता. दोनदा मान हलवून पुढे गेले. तिसऱ्यांदा थांबले. "इथं. गुडघ्याएवढ्या उंचीला."

आम्ही दोघांनी उकरलं. पाच कांदे निघाले, आणि त्यांना टेकलेले आठ-दहा ओले. तेवढेच. बाकी खण कोरडा होता. माझ्या अंगातून इतकं ओझं उतरलं की मी तिथेच खांबाला टेकून उभी राहिले.

हात धुऊन त्यांनी धनराजला फोन लावला. या वेळी स्वतः.

"धनराज, उद्या जरा लवकर ये. चालतो मी तुझ्या चाळीवर. अजून पयल्यासारखं नाय, हळूहळू जाईन. आणि मागच्या टायमाला तुझा खण गेला, त्याचं खरं काय ते तुला समोरासमोर सांगायचं हाय."

पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. हे "हां, हां" करत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांचे खांदे सैल पडले होते.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा नुकता दिवा लावला होता. वाडग्यात गडद तपकिरी सूप, वर पाव, पावावर वितळलेलं चीज. दिसायला चांगलं होतं, मान्य करते. पाव एका बाजूने करपलेला होता, ती बाजू मी खाली केली. तेवढ्यात तृप्तीचा व्हिडिओ कॉल आला. तिला मी अजून काही सांगितलं नव्हतं. यांनीच सांगावं असं मला वाटत होतं.

"झालं का सूप? दाखव," ती म्हणाली. मी फोन तांब्याला टेकवून उभा केला.

यांनी पहिला चमचा तोंडात घेतला. लगेच गिळला नाही. कपाळाला आठी पडली, मान एका बाजूला कलली. चाळीपाशी थांबतात तसे ते थांबले.

"तृप्ती," ते म्हणाले, "तुझी आई तुझं ऐकत नाय. हिनं सुपात लवंग घातली."

आता ही पोरगी माझ्यावर तुटून पडणार, म्हणून मी तयारीतच होते. पण ती फोनच्या अगदी जवळ सरकली. मग म्हणाली, "पप्पा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे?" ते म्हणाले. "वास येऊ राहिला ना."

तृप्तीने तोंडावर हात घेतला. तिचे खांदे हलताना दिसत होते. मला काही सुचेना, म्हणून मी उठले, खिडकीतली लवंगांची बाटली आणली, झाकण उघडलं आणि रोजच्यासारखी त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनीही रोजच्यासारखे डोळे मिटले.

"काय आहे?" मी विचारलं.

"लवंग," ते म्हणाले.